मुली नाय तर अलंबा नाय

सत्तावीस वर्षं मी 'नाही' म्हणायचा पगार घेतला. थट्टा करत नाही. सौदीतल्या जुबैलमधल्या एका केटरिंग कंपनीच्या स्वयंपाकघराला मागचं एक दार होतं. त्या दारात माझं टेबल, टेबलावर थर्मामीटर, बॅटरी, वजनकाटा आणि दोन शिक्के. हिरवा शिक्का माल घ्यायचा, लाल शिक्का परत पाठवायचा. हुद्दा रिसीव्हिंग सुपरवायझर. गावाकडे कुणाला हे नीट सांगता यायचं नाही म्हणून माझी बायको रुबिना सांगायची, "हे तिकडं ट्रक परत पाठवतात."

काम ऐकायला सोपं आहे. कारखान्यातल्या कामगारांचं तीन वेळचं जेवण आमच्याकडे शिजायचं. त्यासाठी पहाटेपासून ट्रक लागायचे. कोंबडीच्या पोटात थर्मामीटर खुपसायचा, बर्फ वितळून परत गोठलाय का ते बघायचं, अंडं हलवून कानाशी धरायचं. मासळीसाठी मात्र मला कुठलंच यंत्र लागायचं नाही. आम्ही दाभोळच्या खाडीकाठची माणसं, मासा आमच्याशी खोटं बोलत नाही. एका व्यापाऱ्यानं एकदा शिळ्या हमूर माशाच्या कल्ल्यांना ताजं रक्त चोपडून आणलं होतं. मी बोट फिरवलं, बोट लाल झालं, आणि त्याच्याच पांढऱ्या तोबवर, त्या पायघोळ अरबी झग्यावर, पुसलं. तो माणूस पुढं माझा दोस्त झाला, पण तो तोब त्यानं कायम लक्षात ठेवला.

माझा स्वभाव तापट. ड्रायव्हर लोक मला पाठीमागे 'ला ला चाचा' म्हणायचे, म्हणजे 'नाही नाही चाचा'. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. आपण कधी चुकत नाही असं ज्याला वाटतं त्याला अल्ला एखादा मोका राखून ठेवतो. माझा मोका निवृत्तीच्या चार महिने आधी आला, आणि तो कुठल्या ट्रकमधून आला नाही.

जुबैलमध्ये पाऊस म्हणजे वर्षातून दोन-चार दिवसांचा मामला. त्या हिवाळ्यात तो जरा मनापासून पडला. चार-पाच दिवसांनी कंपनीच्या बसमधून कामावर जात होतो. रस्त्याच्या कडेला नगरपालिकेची हिरवळ, रोज पाणी देऊन जपलेली. तिच्यावर पांढऱ्याशुभ्र छत्र्याच छत्र्या उगवल्या होत्या. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अरे बघा बघा, अलंबी आलीत!"

बसमधले चार-पाच आमच्याकडचेच. सगळे खिडकीला चिकटले. आषाढात आमच्याकडं वारुळांवर अळंबी येतात तेव्हा घरादाराची काय धांदल उडते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बस पुढं गेली, मी विसरलो. माझ्या लेखी ते फक्त एक उद्गार होता.

तिथून आठ दिवसांनी, शुक्रवारी, मी धाहरानला मामेभावाकडे जेवायला गेलो होतो. अस्रच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या सुमाराला आम्हा कामगारांच्या कॅम्पवर परतलो तर गेटवर अँब्युलन्स. आमच्या बेकरीतला सलीम आणि त्याच्या खोलीतली चार पोरं, पाचही जण उलट्या-जुलाबांनी अर्धमेली होऊन दवाखान्यात गेली होती. सलीम माझ्या शेजारच्या गावचा, मीच त्याला नोकरीला लावलेला. त्याच्या आईला काय तोंड दाखवू, हा माझ्या मनातला पहिला विचार. फोनवर नर्स म्हणाली, सलाईन चालू आहे, जिवाला धोका दिसत नाही. खाण्यात मशरूम आलं असं एक पोरगा बोलला.

मशरूम हा शब्द कॅम्पमध्ये फिरला आणि सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळली.

जुमा टांझानियाचा, त्यांच्या दक्षिणेकडच्या रानाजवळच्या एका खेड्यातला. सहा वर्षं आमच्या स्वयंपाकघरात पातेली घासली. पातेली म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी. त्या आठवड्यातच त्याला बढती मिळाली होती, असिस्टंट कुकची. पांढरा कोट मिळाला तेव्हा पठ्ठ्या तो घालून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "चाचा, मेरे को रिसीव करो." मी हिरवा शिक्का उचलून त्याच्या कोटावर मारायचं नाटक केलं होतं. महिन्यापूर्वी सुट्टीवरून येताना त्यानं आईनं दिलेली पिशवी आणली होती. काळपट, सुरकुतलेली, वाळवलेली अळंबी. स्टाफच्या चुलीवर तो ती शेंगदाण्याच्या कुटात शिजवायचा. वास सगळ्या मजल्याला जायचा, त्यामुळे पिशवी सगळ्यांना माहीत. त्या शुक्रवारीही त्यानं शिजवली होती.

शनिवारी सकाळी आठला कॅम्प मॅनेजर नबीलसाहेबांनी मला बोलावलं. हा मनुष्य वाईट नव्हता, पण घाईचा होता. टेबलावर जुमाची पिशवी, समोर जुमा उभा. अंगावर पांढरा कोट नव्हता.

"बाहेरचं खाणं कॅम्पमध्ये शिजवलं. पाच माणसं दवाखान्यात," नबीलसाहेब म्हणाले. "आज तीन वाजता याचे कागद जातील. फायनल एक्झिट, खलास. तू फक्त तुझा तपासणीचा फॉर्म भर. विषारी मशरूम, लाल शिक्का, सही."

फायनल एक्झिट म्हणजे काय ते आखातात राहिलेल्याला विचारा. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, विमानात बसवलं, संपलं. वर असा ठपका घेऊन गेलेल्याला परत कोण घेणार?

"चाचा," जुमा म्हणाला, "ये मेरा मम्मा का उयोगा है. मैं भी खाया. मैं बीमार नहीं. सलीम को मैं दिया नहीं." उयोगा म्हणजे त्यांच्या भाषेत अळंबी.

"सगळे असंच म्हणतात," नबीलसाहेब म्हणाले. "यल्ला, फॉर्म."

आता मी सही केली असती तर कुणी मला काही म्हणालं नसतं. वाळलेल्या त्या काळ्या कातड्यांकडे बघून कुणालाही विषच वाटलं असतं. पण सत्तावीस वर्षांची एक खोड असते. माल बघितल्याशिवाय मी सही केली नाही कधी. मी म्हणालो, "साहेब, तीन वाजेपर्यंत वेळ आहे ना? मग मला माझं काम करू द्या." आणि पिशवी उचलून माझ्या दारात आलो. जुमाही मागोमाग.

वाडग्यात कोमट पाणी घेतलं, पाच-सहा अळंबी टाकली. अर्ध्या तासात ती फुगली, पसरली. एक बाहेर काढून हातमोज्यावर घेतलं. छत्रीच्या मधोमध एक टोक, पोळ्याच्या बैलाच्या शिंगाला शेंबी लावावी तसं. खाली दांडा. आणि दांड्याच्या खाली, दांड्याहूनही लांब, निमुळती होत गेलेली काळी शेपटी. मुळी.

ही शेपटी मी ओळखतो. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून ओळखतो.

इथं आमच्या बोलीबद्दल थोडं सांगायला हवं. आम्हा कोकणी मुसलमानांच्या जिभेवर 'ळ' बसत नाही, त्याचा 'ल' होतो. मुळी म्हणजे मुली. माझी आई अळंबी काढायला जायची तेव्हा एकच मंत्र म्हणायची, "मुली नाय तर अलंबा नाय." वारुळावरचं अळंबं हातानं ओरबाडायचं नाही, बोटं मातीत घालून सावकाश उपसायचं. खालची लांब मुळी आली तर टोपलीत, नाहीतर टाकून दे. ही अळंबी वाळवीच्या वारुळातच रुजतात, आत खोलवर, म्हणून त्यांना ती लांब शेपटी. हिरवळीवर, शेणावर, कुजक्या लाकडावर उगवणाऱ्यांना ती नसते. शाळेत मी हाच मंत्र ऐटीत सांगितला तर मास्तर म्हणाले, "मुली नसतील तर अळंबी नाहीत? का रे, मुलींना आवडतात वाटतं?" सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन आईशी भांडलो होतो की तू नीट बोलत का नाहीस. अजून ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मी जुमाला ती शेपटी दाखवली. "ये क्या है?"

त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा सैलावला. "म्झिझी," तो म्हणाला. हिंदीत शब्द सापडेना, तेव्हा बोटं जमिनीत घालून सावकाश वर काढल्याचा अभिनय केला. हुबेहूब माझी आई. मग म्हणाला, "किचुगू से निकलता." किचुगू म्हणजे वारूळ, तेही त्यानं हातानं उंच ढिगारा करून दाखवलं. "मेरा मम्मा बोलता, हाकुना म्झिझी, हाकुना उयोगा. म्झिझी नहीं, तो उयोगा नहीं. इसलिए मम्मा सुखाता तो भी म्झिझी काटता नहीं. देखनेवाले को मालूम होना."

मी स्टुलावर बसलोच. समुद्रापलीकडच्या एका बाईनं माझ्या आईचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं होतं. पिशवीतली उरलेली एकेक करून तपासली. झाडून सगळ्यांना टोक, सगळ्यांना मुळी. एकही परकं नव्हतं.

मग पोरांनी खाल्लं तरी काय?

दवाखाना दहा मिनिटांवर. सलीम खाटेवर पडलेला, चेहरा चुन्यासारखा, पण डोळे टकटकीत. मी म्हटलं, "खरं सांग. जुमाचं खाल्लंस?"

त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

"सलीम! त्याला आज घरी पाठवतायत. मुकाट बोल नाहीतर सलाईनसकट उचलून नेईन."

"चाचा, खोलीत हॉटप्लेट होती," तो पुटपुटला. खोलीत स्वयंपाक करायला बंदी होती. "त्यात पुन्हा रस्त्याकडेच्या हिरवळीतलं अलंबं तोडलेलं. कळलं असतं तर आम्हा पाचांचीही नोकरी... जुमाचं नाव मी घेतलं नाही, खुदा कसम. लोकांनी घेतलं. मी गप्प राहिलो."

"हिरवळीतलं? अरे गाढवा, आईनं काही शिकवलं नाही? हिरवळीतलं अलंबं कोण खातो? कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुला?"

सलीमनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, तेच वाईट.

"तुम्हीच की चाचा. बसमधून."

सत्तावीस वर्षं ट्रकभर मालाला नाही म्हणणारा मी, एकदाच हो म्हणालो, तेही चालत्या बसच्या काचेतून, हात न लावता. आणि पोरांनी माझा शब्द शिक्क्यासारखा मानला. का मानू नये? आख्ख्या कॅम्पला मीच सांगत फिरायचो की माझी नजर चुकत नाही.

"तुमच्यासाठी दोन कच्ची ठेवलीत फ्रीजमध्ये," सलीम हळूच म्हणाला. "म्हटलं तुम्हाला बघून बरं वाटेल."

ती दोन मी आणली. डोक्यावर तपकिरी खवले, दांड्याला सैल कडी, बुडाशी गाठ. मुळीचा पत्ता नाही. पण आईचा मंत्र नबीलसाहेबांसमोर पुरावा म्हणून कसा ठेवणार? मी सनाला फोन लावला. सना माझी धाकटी, पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकते. माझं बिऱ्हाड इथं होतं तेव्हा तिची सगळी शाळा जुबैलच्या इंडियन स्कूलमध्ये झाली, त्यामुळे मी मराठीत विचारायचं आणि तिनं तिच्या खिचडीत उत्तर द्यायचं, हा आमचा रिवाज.

फोटो बघून तिचा आवाज चढला. "अब्बा! आपने खाया तो नहीं? पहले हाथ धोओ. सीरियसली."

"धुतले गं. ओळख कशी पटवू ते सांग."

"स्पोअर प्रिंट. डोकं कापा, छत्रीची आतली बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा. ऊपर कटोरी. चार-पाच घंटे. पावडर पडेगी, उसका कलर देखो. हिरवा आला तर तोच. लॉनवाला, उलट्यावाला. वारुळवाले में ग्रीन कभी नहीं आता."

सकाळचे साडेनऊ. दुपारचा दीड गाठायचा होता. मी टेबलावर कोरा कागद ठेवला, त्यावर ती छत्री आणि वर स्टीलची वाटी. त्या दिवशी मी किती ट्रक घेतले, किती परत पाठवले, मला काही आठवत नाही. नजर वाटीवर. जुमा कोपऱ्यात कांद्याच्या पोत्यावर बसून होता, घटकेघटकेला विचारायचा, "चाचा, देखें?" मी ओरडायचो, "नको!" मग मलाच राहवेना. हिरवा रंग आला तर जुमा सुटणार, पण मग साहेब विचारणार, या पोरांना हिरवळीवर पाठवलं कुणी? चार महिन्यांवर निवृत्ती. सत्तावीस वर्षांचा मान. खरं सांगतो, क्षणभर मनात आलं, बसचं साहेबांना काय ठाऊक, सलीम बोलायचा नाही. तेवढ्यात जुमानं माझ्यासाठी चहा आणून ठेवला. साखर कमी, मला लागते तशी. मग तो विचार तिथंच मेला.

दीडला वाटी उचलली. छत्री अलगद सरकवली. कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी उमटली होती, आणि तिचा रंग हिरवा. मळकट, शेवाळी, पण हिरवाच.

"या अल्ला," मी म्हणालो आणि मोठ्यानं हसत सुटलो. जुमाला काही कळलं नाही, पण मी हसतोय म्हणून तोही हसायला लागला. मला रडूही येत होतं, ते जाऊ द्या.

कागद, वाटी, भिजवलेली अळंबी असं सगळं तबकात घालून मी नबीलसाहेबांच्या टेबलावर मांडलं. एक एक समजावलं. मग म्हणालो, "आणि हिरवळीवरचं ते खाण्याजोगं आहे, असं त्या पोरांना मी सांगितलं. बसमधून. त्यांना वाटलं मला कळतं."

त्यांनी कागद उचलून उजेडाला धरला. मग म्हणाले, "माझे वडील हफ्र अल बातिनच्या वाळवंटातून फगा आणायचे." फगा म्हणजे पावसानंतर वाळूखाली सापडणारी कंदासारखी बुरशी, तिकडं सोन्याच्या मोलानं खातात. "वाळूला कुठं भेग पडलीय ते बघून खणायचे. मी एकदा गाडीतून भेग दाखवली. ते म्हणाले, गाडीतून फक्त रस्ता दिसतो." आणि मग माझ्याकडं बघून खो खो हसले. "सत्तावीस वर्षं ला, ला, ला! आणि एकदा हो म्हणालास तर पाच माणसं दवाखान्यात!"

जुमाचे कागद थांबले. मला एक लेखी ताकीद मिळाली, नोकरीतली पहिली आणि शेवटची. सलीमची हॉटप्लेट जप्त झाली. पोरं सोमवारपर्यंत उठून बसली आणि भात मागू लागली. बरे झाल्यावर पाचही जण एका रांगेत जुमाकडं माफी मागायला गेले. सलीम बोलता बोलता रडला. जुमानं त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, "अगली बार मेरे को पूछो. चाचा को मत पूछो."

हे वाचून कुणी मुळी बघून रानातलं काही खाऊ नये, ही हात जोडून विनंती. आईचा नियम आईच्या वारुळापुरता. मुळी असणारंही विषारी काही निघू शकतं, असं सनानं मला तीनदा बजावलंय, आणि आता मी ऐकतो.

एक राहिलं. तो फॉर्म अजून कोराच होता. पिशवी परत द्यायची तर कागद पुरा करणं भाग, नबीलसाहेबांचा तसा हुकूम. जुमा पांढरा कोट घालून माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी रकाने भरत गेलो. माल: वाळवलेली अळंबी. स्थिती: उत्तम. मग आला रकाना पुरवठादाराचा. तिथं कंपनीचं नाव लिहायचं असतं.

"सप्लायर कोण लिहू?" मी विचारलं.

"मम्मा," जुमा म्हणाला.

मी तसंच लिहिलं. खाली तपासणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती. सत्तावीस वर्षं तिथं मी माझं नाव लिहीत आलो. त्या दिवशी माझ्या आईचं लिहिलं, आणि हिरवा शिक्का मारला.